खंजिराच्या मुठीतली निळी पट्टी

दाजी गेले त्याला आता दोन महिने होतील. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, शांत माणूस होता. कोण म्हणतं शांत? बोलायला कमी होते हे खरं, पण शांत अजिबात नव्हते. त्या माणसाचं बूड कधी एका जागी टेकलं नाही. जेवता जेवता मध्येच उठायचे, हात धुवायचे, जिना उतरून दुकानात जायचे, एखाद्या पात्यावरून अंगठा फिरवायचे आणि परत येऊन गार झालेलं जेवायचे. ताई म्हणायची, "पायाला भिंगरी लावून आलाय हा माणूस, आणि भिंगरी फिरते ती माझ्या ताटाभोवती."

दाजी म्हणजे ताईचे यजमान. आमच्या घरात दाजी म्हणायचे, ते गल्लीनं उचललं, मग गिऱ्हाइकांनी उचललं, शेवटी तर त्यांच्यापेक्षा वयानं मोठी माणसंही दाजीच म्हणायला लागली. धंदा पाती करण्याचा. घरातल्या सुऱ्या, खाटकाचे सुरे, चांभाराची रापी, झाडं छाटायचे कोयते. खाली दुकान, वर घर. दुकान म्हणजे एक लांबट खोली, मागच्या भिंतीला भट्टी, मध्ये ऐरण, पुढे दाराशी धार लावायचं चाक, आणि उजेड येणार तो फक्त दारातूनच. वरच्या खोलीत ताईचं शिवणकाम. वर मशीन चाललं की खाली छतातून भुसा पडायचा, खाली घण पडला की वर सुई हलायची. छत्तीस वर्षं असंच चाललं.

त्यांचा एक नियम होता. पातं तयार झालं की ते लाकडाच्या ओंडक्यात ठोकायचं, आडवं वाकवून बघायचं, मग त्याच पात्यानं ओला दोर कापायचा. एवढं सगळं होऊन मन भरलं तरच मुळाशी, जिथं पोलाद मऊ ठेवलेलं असतं तिथं, आपला छोटा शिक्का मारायचा. शिक्क्यावर नुसतं एक पान होतं. मन भरलं नाही तर पातं भंगारात. चुकीचं पातं माझ्या दारातून बाहेर जाणार नाही, असं ते म्हणायचे. फार वेळा नाही म्हणायचे, पण म्हणायचे.

तर दोनेक वर्षांपूर्वी झालं असं. नदीवर बचावपथक आहे. बोट उलटली, पूर आला, कुणी वाहून गेलं की ही माणसं जातात. त्यांचे कप्तान निवृत्त होणार होते, आणि पथकातली वायरलेसवर बसणारी बाई एक दिवस दुकानात आली. तिला सगळे वायरलेसवालीच म्हणतात.

"दाजी, खंजीर करून पाहिजे. दुधारी. कप्तानांना भेट द्यायचाय."

"शोभेचा मी करत नाही. शोभेचा बाजारात मिळतो, पत्र्याचा, मखमलीच्या पेटीत."

"तसला दिला तर कप्तान आम्हालाच नदीत टाकतील. मागे कुणीतरी पथकाला तलवार भेट दिली होती. त्यांनी ती लगेच कलिंगडावर चालवली. तलवार वाकली. कलिंगड जसंच्या तसं."

दाजी हसले. "मग कामाचा करू."

"कामाचा, पण दिसायला असा की भिंतीवर लावला तर पाहुणा चहा प्यायचा विसरला पाहिजे."

"म्हणजे नवरदेव आणि हमाल एकाच माणसात पाहिजे तुम्हाला."

"तसंच समजा. सात आठवडे आहेत."

दाजींनी हो म्हटलं. आणि लगेच वाटलं, नाही म्हणायला हवं होतं. ते का वाटलं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पातं करताना आधी ते लालबुंद तापवून तेलात बुडवतात. त्याला पाणी देणं म्हणतात. असं पाणी दिलेलं पातं काचेसारखं होतं, कडक पण ठिसूळ, हातातून पडलं तरी तुटेल. म्हणून मग ते घासून चकचकीत करायचं आणि पुन्हा हळूहळू तापवायचं. तेव्हा पोलादावर रंग चढतात. आधी सायीसारखा, मग गव्हाळ, मग मधासारखा, मग तपकिरी, जांभळा, निळा. ज्या रंगाला थांबाल तसं पातं. धारेला गडद गव्हाळ लागतो. त्याआधी थांबलात तर धार तुटते, नंतर थांबलात तर धार मुडपते. काटा नाही, घड्याळ नाही, सगळा खेळ डोळ्यांचा. आणि दाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. जग पिवळट दिसायला लागलं होतं त्यांना. हे त्यांना कळत होतं का? अर्धं कळत होतं. जे अर्धं कळत होतं त्याच्याकडे पाठ करून बसले होते. डॉक्टरकडे गेलं तर डॉक्टर म्हणेल काम बंद करा, एवढंच डोक्यात. काम बंद म्हणजे काय करायचं, वर बसून मशीनच्या पट्ट्याला तेल घालायचं?

म्हणून त्यांनी सगळा जीव सामानात घातला. आधी पोलाद. ट्रकच्या कमानीचा पाटा घ्यावा का? चिवट असतो, पण जुना असला तर आत बारीक चीर असू शकते, बाहेरून दिसत नाही. जुनी कानस घ्यावी का? धार अशी धरते की विचारू नका, पण दगडावर पडली तर दोन तुकडे. स्टेनलेस घ्यावं का? पाण्यात काम करणारा माणूस, गंज नको. पण स्टेनलेसला जेवढा ताव लागतो तेवढा यांच्या भट्टीत येत नाही. भंगारवाल्याकडे रोज चकरा. एक तुकडा आणायचे, चाकावर धरायचे, ठिणग्या बघायचे. ठिणगीला फुलं फुटली की पोलाद चांगलं. तुकडा मोडून आतला दाणा बघायचे. रात्री म्हणायचे पाटाच घेतो, सकाळी म्हणायचे नको.

ताईनं एकदा विचारलं, "आपल्या लग्नाआधी तुम्ही मला किती वेळ बघितलं होतं?"

"का?"

"नाही, सहज. दहा मिनिटं बघितलं होतं. आणि हा लोखंडाचा तुकडा बारा दिवस चाललाय."

"लोखंड नाही. पोलाद."

"मग मी लोखंड असेन."

शेवटी कोरा पाटा मिळाला, गाडीला कधी न लागलेला. त्याचं पातं ठोकलं, एक वीत आणि चार बोटं, मध्ये कणा, दोन्हीकडे उतार. बघायला सुंदर झालं होतं. पाणी दिलं, रंग चढवला, ओंडक्यात ठोकलं, वाकवलं आणि टोक तुटून भिंतीवर जाऊन लागलं. टण्ण.

दाजी म्हणाले, पाटाच खराब होता.

दुसरं पातं बेअरिंगच्या जाड रिंगचं केलं. ते वाकलं बरं, पण पितळेच्या सळीवर धार दाबून बघितली तर धारेचे कण उडाले, दाताला कीड लागल्यासारखे. दाजी म्हणाले, हल्ली बेअरिंगमध्येही भेसळ.

त्याच आठवड्यात गल्लीच्या टोकाचा खाटीक आला. सुरा काढून ऐरणीवर ठेवला. धारेला तीन खाचा.

"दाजी, चार महिन्यांतच हे असं झालं बघा."

"हाडावर मारला असणार."

"मी बावीस वर्षं मांस कापतोय. हाड कुठं असतं ते मला बकऱ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"मग गोठलेलं कापलं असशील."

"नाही कापलं." खाटकानं खाचांवरून बोट फिरवलं. "तुमच्याकडचा आधीचा सुरा चौदा वर्षं चालला. म्हणून विचारतो, पोलाद बदललंत का?"

"बदललं," दाजी म्हणाले. खोटं बोलले. पोलाद तेच होतं. खाटीक सुरा तसाच घेऊन गेला, आणि दाजी कितीतरी वेळ दारात उभे होते, एक पाय आत, एक बाहेर.

मग मुठीचं सुरू झालं, कारण पात्याकडे बघवत नव्हतं. शिंग बघितलं, पण शिंग पाण्यात फुगतं. हाड पांढरं शुभ्र आणि देखणं, पण ओल्या हातात निसटतं, आणि पुरात हात कोरडा कुणाचा असतो? अक्रोडाचं लाकूड हलकं, रेषा छान, पण ओलं सुकलं, ओलं सुकलं की फाकतं. शेवटी शिसव. जड, तेलकट, पाण्याला दाद न देणारं. त्याचा एक ठोकळा आणला आणि दर तिसऱ्या दिवशी किराणावाल्याच्या तराजूत तोलायला लागले. वजन उतरायचं थांबलं की आतली ओल गेली असं समजायचं. किराणावाला म्हणाला, "दाजी, याचं बारसं कधी करायचं?" मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या दांडीला पितळ, कारण पितळ गंजत नाही आणि घासलं की सोन्यासारखं दिसतं. म्यान चामड्याचं नको, चामडं पाणी धरून ठेवतं आणि पातं आतल्या आत गंजतं. म्यान लाकडाचं, टोकाला पितळेची टोपी.

हे सगळं ठरलं, पण पातं काही होईना. तीन आठवडे उरले.

एक दिवस ताई वरून दोन रिळं घेऊन आली आणि ऐरणीवर ठेवली. "हा कोणता दोरा?"

"पिवळा."

"आणि हा?"

"तोही पिवळाच. जरा फिका."

"हा पांढरा आहे," ताई म्हणाली. मग दाजी म्हणाले, "तुझं काम झालं असेल तर मला माझं करू दे." ती रिळं घेऊन वर गेली. त्या दिवशी दोघं जेवायला बसले पण एकमेकांना वाढलं नाही, आपापलं घेतलं.

चार दिवस दाजी तसेच फिरत राहिले. दुकानातून जिना, जिन्यातून दुकान. डोक्यात एकच घोळत होतं. पांढरं जर पिवळं दिसत असेल, तर कोऱ्या पोलादावर मला गव्हाळ आधीच दिसतो. मी लवकर थांबतोय. गेली दोन वर्षं मी असाच लवकर थांबतोय. म्हणजे पाटा खराब नव्हता. बेअरिंग खराब नव्हतं. खाटीक खोटं बोलत नव्हता.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी खालून हाक मारली. "अगं, जरा खाली ये. शर्टाचं बटण तुटलंय."

ताई सुईदोरा घेऊन खाली आली. शर्टाची सगळी बटणं जागेवर होती. भट्टी पेटलेली होती आणि तिसरं पातं, पाणी दिलेलं, घासून आरशासारखं केलेलं, चिमट्यात धरून दाजी उभे होते.

"कुठलं बटण?"

"दाराकडे तोंड करून उभी राहा. उजेड तिथून येऊ दे. मी या कण्यावर तापलेली सळई ठेवणार. रंग कण्यातून दोन्ही धारांकडे सरकेल. धारेला कोणता आला ते मला सांगायचं. दोन्हीकडे लक्ष ठेव."

एवढंच. डोळ्यांचं नाव काढलं नाही. ताईनंही काढलं नाही. सुई पदराला टोचली आणि उभी राहिली. आयुष्यभर लोकांच्या कापडाला दोरा जुळवत आलेली बाई, तिला एका पिवळ्यात अकरा पिवळे दिसतात.

दाजींनी सळई ठेवली.

"काही नाही अजून," ताई म्हणाली. "कोरं आहे."

"कोरं कसं? मला चढलेला दिसतोय."

"कोरं आहे. आता कण्याजवळ साय धरल्यासारखं झालं. सरकतंय. धार अजून पांढरी."

"गहू आला की सांग."

"कुठला गहू? उभ्या पिकाचा की पोत्यातला?"

"पोत्यातला. जुना."

"मग वेळ आहे."

त्यांच्या डोळ्यांना पातं केव्हाच तपकिरी झालं होतं. इतक्या वर्षांची सवय सांगत होती की जळालं, काढ. शेजारी पाण्याची बादली. त्यांनी चिमटा उचलला, आणि ताईनं त्यांचं मनगट धरलं. तिनं मनगट धरायची ही त्या दुकानातली पहिली वेळ.

"थांबा."

"गेलं सगळं."

"काही गेलं नाही. उभ्या पिकाचा झालाय. थांबा म्हणते ना."

त्यांनी डोळे मिटून घेतले. नाहीतरी उघडे ठेवून काही उपयोग नव्हता.

"डावी धार आली," ताई म्हणाली. "उजवी मागे आहे. सळई जरा उजवीकडे सरकवा. अजून. आता दोन्ही. आता."

पातं बादलीत गेलं. फुस्स झालं आणि वाफ दोघांच्या तोंडावर आली. तासाभरानं दाजींनी ते ओंडक्यात ठोकलं आणि वाकवलं. वाकलं आणि सरळ झालं. पितळेच्या सळीवर धार दाबली, नुसती लवली आणि परत आली. ओला दोर एका ओढीत दोन. दाजींनी मुळाशी शिक्का मारला. मग म्हणाले, "चहा टाकतेस का?"

"तुम्हीच टाका," ताई म्हणाली. "मी कामाला आले होते."

त्यांनी टाकला. साखर दोनदा घातली.

"हे झालं की डोळे दाखवायचे," ताई म्हणाली.

"दाखवू."

"दाखवू नाही. तारीख मी घेऊन ठेवलीये."

मूठ बसवायला दहा दिवस होते. शिसवाच्या दोन फळ्या, मध्ये पोलाद, पितळेचे तीन खिळे. फळी आणि पोलाद यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना फायबरची पातळ पट्टी घालतात, म्हणजे पाणी आत शिरत नाही, आणि मुठीभोवती एक काळी रेघ दिसते, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी. पट्ट्यांचा एक डबा होता, सगळे उरलेले तुकडे. दाजींनी संध्याकाळी त्यातले दोन काढले, चिकटवले, खिळे ठोकले, घासलं, तेल लावलं. पट्टीचं त्यांनी कुणाला विचारलं नाही. पट्टीचं काय विचारायचं?

निरोपाचा कार्यक्रम पथकाच्या बोटी ठेवायच्या शेडमध्ये होता. खुर्च्या, माईक, माइकची शिट्टी. कप्तानांच्या हातात खंजीर दिला तेव्हा त्यांनी आधी मान तिरकी करून तो उजेडात धरला, मग म्हणाले, "दोर आणा." सगळे हसले, पण दोर आणलाच. बोटीचा, अंगठ्याएवढा जाड. कप्तानांनी तो एका हातानं खांबाला ताणून धरला आणि खंजीर एकदा फिरवला. दोर पडला. दाजी तिसऱ्या रांगेत बसले होते, त्यांचा पाय त्या वेळेपुरता हलायचा थांबला.

मग कप्तान माईकवर आले. म्हणाले, "बनवणाऱ्यानं यात काय केलंय ते मागे बसलेल्यांना दिसणार नाही. मुठीला एका बाजूनं निळी रेघ आहे, आपल्या वर्दीचा निळा. दुसऱ्या बाजूनं काळी. जे परत आले त्यांच्यासाठी एक, जे नाही आले त्यांच्यासाठी एक. मी त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं. तरी त्यांना कळलं." आणि माईक सोडून त्यांनी डोळे पुसले. वायरलेसवाली उठून बाहेर गेली.

दाजींनी शेजारी ताईकडे बघितलं. "कुठली निळी?"

"गप्प बसा," ताई म्हणाली. "टाळ्या वाजवा."

त्यांना वाटलं, पुढारी बोलतात तसं काहीतरी लावून बोलतायत. पण खटकलं. त्या दिवसापासून जे खटकलं ते खटकतच राहिलं. जेवताना, झोपताना, निळी कुठली? ताईला विचारलं तर म्हणायची, आधी डोळे.

डोळ्याचं ऑपरेशन झालं. आधी उजवा, महिन्यानं डावा. पट्टी काढल्यावर घरी आले आणि आल्या आल्या आधी कपाट उघडून म्हणाले, माझा तो पिवळा सदरा कुठाय? ताई म्हणाली, तुमच्याकडे पिवळा सदरा कधीच नव्हता. मग ते दुकानात उतरले, एकेक वस्तू उचलून बघत होते, ऐरण, चाक, सळया, आणि पट्ट्यांचा डबा उघडला. थोड्या वेळानं वरून ताईला हाक ऐकू आली, मोठी नाही, साधीच.

"यात निळ्या पट्ट्या कुणी टाकल्या?"

ती जिन्यात येऊन थांबली. "दोन वर्षांपूर्वी तुम्हीच आणल्यात. शाळेच्या बागेतल्या कोयत्यांच्या मुठींना."

"खंजिराला एक काळी लागली आणि एक निळी."

"हो."

"तू बघितलं होतंस."

"तेल लावलंत तेव्हा बघितलं."

"बोलली का नाहीस?"

"कार्यक्रमाला तीन दिवस होते. मूठ फोडून परत बसवली असती तुम्ही, झोपला नसता, आणि माझीही झोप गेली असती." ती एक पायरी उतरली. "आणि तुम्ही मला पात्याचं विचारलंत. मुठीचं कुठं विचारलंत?"

दाजी डब्याचं झाकण लावत होते, काढत होते. शिक्का मारून बसलोय, एवढंच म्हणाले. चुकीचं काम शिक्का मारून दिलंय, आणि तो माणूस त्यावर माईकवर रडलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत छिन्नी, हातोडी, काळी पट्टी, डिंकाची बाटली, तीन नवे खिळे घेतले आणि बसनं कप्तानांच्या घरी गेले. कप्तान अंगणात जुन्या जाळ्याच्या गाठी सोडवत बसले होते, आणि ज्या गाठी सुटत नव्हत्या त्या खंजिरानं तोडत होते. भिंतीवर नुसता खिळा होता.

"या दाजी. चहा घेणार?"

"चहा नंतर. आधी खंजीर द्या. चूक झालीये, दुरुस्त करून देतो."

"कसली चूक? अजून दाढी करता येईल यानं."

"मुठीत. ती निळी रेघ मी मुद्दाम नाही घातली. मला तेव्हा निळं आणि काळं एकच दिसत होतं. दोन्ही काळ्या घालायच्या होत्या. तुम्ही जे बोललात तसलं माझ्या मनात काही नव्हतं."

कप्तानांनी खंजीर खाली ठेवला.

"म्हणजे मी दोनशे माणसांसमोर..."

"हो."

"आणि माझी बायको ते सगळ्या पाहुण्यांना सांगते."

"म्हणून तर आलो. अर्ध्या दिवसाचं काम आहे. इथंच बसून करतो."

"हात लावायचा नाही," कप्तान म्हणाले. "पातं खोटं आहे का?"

"पातं खरं आहे."

"मग?"

"पट्टी खोटी आहे."

"पट्टी खोटी नाही, निळी आहे. बसा खाली. उभ्या उभ्या माणसाला घाबरवू नका."

दाजी बसले, पण पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. कप्तानांनी आत सांगून चहा मागवला. मग हळूच विचारलं, "दिसत नव्हतं म्हणता, तर पात्याचा रंग कसा कळला?"

"तो बायकोनं बघितला."

"मग शिक्का तिचाही पाहिजे." जाळ्याची गाठ पुन्हा हातात घेऊन ते म्हणाले, "आणि याच्या आधीची पाती? ती कुणी बघितली होती?"

सहज विचारलं त्यांनी. पण दाजींचा चहा तसाच राहिला. कारण रस्ताभर ते पट्टीचाच विचार करत आले होते, आणि खरी गोष्ट ही होती. पट्टीनं कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पण गेल्या दोन वर्षांत भट्टीवरून लवकर काढलेली पाती गावभर होती, शिक्का मारलेली. शिक्का कसा मारला? ओंडक्यात ठोकून, वाकवूनच. पण घरातली सुरी जाड आणि आखूड, ती त्या परीक्षेत तरते. रोजच्या वापरात तिची धार कणाकणानं तुटते, आणि तो कण भाजीत जातो, पोरांच्या ताटात जातो.

बसमधून उतरले ते थेट खाटकाकडे गेले. म्हणाले, "तू हाडावर मारला नव्हतास. दे तो सुरा."

"मी तेच सांगत होतो," खाटीक म्हणाला.

"हो, तू तेच सांगत होतास."

दुकानावर फळी लावली. अक्षर ताईच्या हातचं. गेल्या दोन वर्षांत इथून घेतलेली पाती आणून द्या, पाणी नीट करून मिळेल, पैसे पडणार नाहीत. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की लवकर काढलेलं पातं वाया जात नाही, तेच पुन्हा तापवून गडद गव्हाळापर्यंत आणलं की झालं. काही आली. जी आली नाहीत त्यांच्यामागे दाजी स्वतः फिरायला लागले, सकाळ संध्याकाळ. एका म्हातारीनं तर दारातूनच परत पाठवलं. म्हणाली, माझी सुरी छान आहे, आता तुझ्या हातात दिली तर तू बिघडवशील. तीनदा गेले. तिसऱ्यांदा तिच्याकडे बसून सगळे कांदे चिरून दिले, तेव्हा तिनं दिली.

आता डोळे स्वच्छ झाले होते. तरी भट्टीवर पातं ठेवलं की जिन्याकडे तोंड करून म्हणायचे, "अगं, बटण." आणि ताई खाली यायची.

वर्षभर हेच. लोक म्हणायचे आता पुरे, कुणी तक्रार केलीय का? यांचं चित्त ठिकाणावर नाही ते नाहीच. गेले ते दुपारी, जेवण झाल्यावर, जिन्याच्या खालून दुसऱ्या पायरीवर बसलेले होते. वर चालले होते की खाली, ते कळलं नाही.

सदऱ्याच्या खिशात कागद होता. उरलेल्यांची यादी. नावं त्यांना कुणाची कधी माहीत नसायची, खुणाच लिहिल्या होत्या. पुलापलीकडचा केळीवाला. दोन कुत्रेवाली. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातला टकला. छत्रीवाल्याची सून. डाव्या हातानं कापणारी.

ताईनं तो कागद वाचला आणि आठव्या दिवशी भट्टी पेटवली. भाता मारायला घरातलीच माणसं. केळीवाला सापडला, टकला स्वतःच आला, सून माहेरी गेली होती तिची सुरी छत्रीवाल्यानं दिली, दोन कुत्रेवाली कुत्र्यांवरून सापडली. चारही पात्यांचा रंग ताईनं बघितला.

डाव्या हातानं कापणारी राहिलीये. डावखुऱ्या माणसासाठी दाजी धार उलट्या बाजूला काढायचे, त्यामुळे पातं बघितलं की ओळखू येईल. ताईनं भाजीबाजारात विचारलं, शिवणाच्या बायकांना विचारलं. आता ती कुणाच्याही घरी गेली की आधी स्वयंपाकघरात डोकावते आणि बाई कुठल्या हातानं चिरतेय ते बघते.